प्रकाशाला गणित सोपवताना

१६ मे हा आंतरराष्ट्रीय प्रकाश दिन. १९६० साली याच तारखेला कॅलिफोर्नियातल्या मालिबू इथे, ह्यूज कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी बोटाच्या पेराएवढ्या कृत्रिम माणकातून पहिला लेसर झोत काढला. म्हणून युनेस्कोने हा दिवस निवडला आणि २०१८ पासून तो जगभर पाळला जातो. गेल्या सहा दशकांत लेसरने डोळ्यांवरच्या शस्त्रक्रिया केल्या, पोलादाचे पत्रे कापले, दुकानातल्या मालावरच्या काळ्या-पांढऱ्या रेषा वाचल्या आणि समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या धाग्यांतून खंडाखंडांमधले बोलणे वाहून नेले. आता त्याच्याकडे आणखी एक काम मागितले जात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला लागणारे अफाट गणित विजेच्या चिपऐवजी त्याने करावे, असे हे मागणे आहे.

मागणारे मोठे आहेत. अमेरिकेतल्या लाइटमॅटर या एकाच कंपनीचे मूल्य ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.४ अब्ज डॉलर धरले गेले. चीनमध्ये त्सिंगहुआ विद्यापीठ, जर्मनीत क्यू-अँट, इंग्लंडमध्ये मायक्रोसॉफ्टची केंब्रिज प्रयोगशाळा अशी अनेक ठिकाणी ही खटपट चालू आहे. ‘प्रकाशाच्या वेगाने विचार करणारा संगणक’ अशा मथळ्यांनी तिच्याकडे लक्षही भरपूर वेधले गेले आहे. आमच्या मते या दाव्याचा एक भाग पक्का आहे आणि दुसरा अजून कच्चा. दूरवर माहिती वाहून नेण्यात प्रकाशाचा हात धरणारा कुणी नाही, हे सिद्ध झाले आहे. माहितीवर हिशेब करण्यात तो कितपत टिकेल, हे अजून ठरायचे आहे. हा फरक ध्यानात ठेवला, तरच भारताने या क्षेत्रात पैसा आणि माणसे कुठे घालावीत ते कळेल.

आधी त्या मथळ्यांतला एक गैरसमज दूर करायला हवा. प्रकाश वेगवान म्हणून प्रकाशाची चिप वेगवान, असे हे समीकरण नाही. बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेतून धावणारा विजेचा संकेतही प्रकाशाच्या वेगाच्या बऱ्याच मोठ्या अंशाने जातो. उलट सिलिकॉनमध्ये शिरलेला प्रकाश निर्वातातल्या वेगाच्या एक-तृतीयांशाहूनही मंद होतो. खरी ओढाताण वेगाची नाही, विजेची आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या हिशेबानुसार जगभरच्या डेटा सेंटरांनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्ज युनिटांच्या घरात जाईल, असा तिचा अंदाज आहे. एनव्हिडियाची एच-१०० ही एक चिप पूर्ण भाराने चालताना ७०० वॅट घेते, आणि तिच्यापुढच्या पिढीच्या ७२ चिपांच्या एका कपाटाला १२० किलोवॅटच्या आसपास वीज लागते. हे आपल्यापासून दूर कुठेतरी घडते आहे, असे समजू नये. देशातल्या डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई आणि नवी मुंबईत आहे. ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात जिथे रासायनिक कारखाने होते, तिथे आज बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत आणि पनवेलच्या केंद्रात एच-१०० चिपा प्रत्यक्ष चालू आहेत. त्यांच्या विजेची आणि गारव्याची तजवीज याच राज्याला करायची आहे.

एवढी वीज जाते कुठे? स्टॅनफर्डचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेली आकडेवारी या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. तिचा मथितार्थ असा, की दोन संख्यांचा गुणाकार करायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या शंभराहून अधिक पट ऊर्जा त्या संख्या चिपबाहेरच्या स्मृतीतून उचलून आणायला लागते. कारण तारेतून संकेत पाठवायचा म्हणजे ती सबंध तार दर वेळी विद्युतभाराने भरायची आणि रिकामी करायची. तार जेवढी लांब, तेवढा खर्च मोठा. पूर्वी ट्रान्झिस्टर आकाराने लहान झाला, की त्याची वीजही त्याच प्रमाणात घटत असे. २००५ च्या सुमारास ती सवलत संपली. ट्रान्झिस्टर अजूनही लहान होत आहेत, पण विजेचे बिल पूर्वीसारखे आपोआप उतरत नाही.

त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणिताचा एक विशेष आहे. भाषा समजणाऱ्या किंवा चित्र ओळखणाऱ्या प्रणालीच्या पोटात शिरून पाहिले, तर बहुतेक सगळे काम एकाच प्रकारचे दिसते. आकड्यांची एक रांग घ्यायची, तिला आकड्यांच्या मोठ्या चौकटीने, म्हणजे मॅट्रिक्सने, गुणायचे आणि गुणाकारांची बेरीज करायची. पुन्हा तेच, पुन्हा तेच, अब्जावधी वेळा. शिवाय हे गणित ढोबळपणा बऱ्यापैकी सोसते. बँकेच्या हिशेबात पैशाचाही फरक चालत नाही, पण इथे आठ बिट, कधी चारच बिट अचूकता असली तरी उत्तर बिघडत नाही. एकच काम, भरमसाट प्रमाणात आणि थोडी चूक माफ, असे गणित समोर आले आणि प्रकाशावर काम करणाऱ्यांना आपली जुनी विद्या आठवली.

ती विद्या समजायला अवघड नाही. शेतात पाटाचे पाणी देणाऱ्याला तर ती लगेच उमजेल. पाटातून आलेले पाणी चाऱ्यांत शिरते. कोणत्या वाफ्याचे दार किती उघडायचे हे आधी ठरले, की पाणी वाहता वाहताच त्या प्रमाणात वाटले जाते, आणि दोन चाऱ्या एकत्र आल्या की दोन्हींतले पाणी मिळून पुढे जाते. वाटले जाणे हा गुणाकार, मिळणे ही बेरीज. दारे धरणाऱ्याला थेंब मोजत बसावे लागत नाही. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेल्या अर्ध्या मायक्रॉन रुंदीच्या वाटांमधून प्रकाश असाच जातो. एक वाट दोन वाटांत फुटते. त्यांतली एक सूक्ष्म हीटरने किंचित तापवली, की तिच्यातली प्रकाशलाट जराशी मागे पडते. दोन्ही लाटा पुन्हा भेटल्या, की मागे पडण्याच्या प्रमाणात कुठे एकमेकींना उचलून धरतात, कुठे एकमेकींना पुसतात, आणि पुढच्या दोन वाटांवर किती किती प्रकाश जाईल ते यातून ठरते. अशा शेकडो जोड्या जाळीसारख्या गुंफल्या, तर कोणतीही मॅट्रिक्स त्यात बसवता येते.

यातला खरा लाभ असा. हजार आकड्यांची रांग हजार बाय हजारच्या मॅट्रिक्समधून गेली, तर दहा लाख गुणाकार होतात. पण विजेतून प्रकाशात आणायचे आकडे हजारच, आणि प्रकाशातून परत वाचायचे आकडेही हजारच. मधले दहा लाख गुणाकार प्रकाश जाता जाता करून टाकतो. चौकट जितकी मोठी, तितका दर गुणाकारामागचा खर्च कमी. विजेच्या चिपला हे जमत नाही, तिथे दर गुणाकाराची किंमत वेगळी मोजावी लागते.

२०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या (एमआयटी) यिचेन शेन, निकोलस हॅरिस, डर्क इंग्लंड, मारिन सोल्याचिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवले. त्यांच्या चिपवर अशा ५६ जोड्या होत्या. तिला दिलेले काम साधे होते: माणसांनी उच्चारलेले चार स्वर ओळखणे. चाचणीच्या १८० नमुन्यांपैकी तिने १३८ बरोबर ओळखले. त्याच नमुन्यांवर साध्या संगणकाने १६५ ओळखले होते. निकाल कमी प्रतीचा होता आणि संशोधकांनी तो तसाच छापला. आम्हाला त्या निबंधातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पुढची आठ वर्षे हे क्षेत्र ज्या अडचणींशी झगडत आले, त्या सगळ्या त्या २७ नमुन्यांच्या फरकात आधीच दिसत होत्या. त्या निबंधानंतर शेन यांनी लाइटेलिजन्स आणि हॅरिस यांनी लाइटमॅटर अशा दोन कंपन्या काढल्या.

अडचणी कोणत्या, हे पाहू. पहिली उंबरठ्यावरची. आपली माहिती अंकांच्या रूपात साठवलेली असते. ती प्रकाशाच्या तीव्रतेत बदलायची, आणि पलीकडे पोचली की पुन्हा मोजून अंकांत आणायची. हे काम करणारे परिवर्तक वीज खातात. चौकट लहान असेल, तर प्रकाशाने वाचवलेले सगळे याच दोन उंबरठ्यांवर खर्ची पडते. मग चौकट मोठी का करू नये? कारण एक जोडी शंभर मायक्रॉनच्या आसपास जागा अडवते, तर आजचा ट्रान्झिस्टर काही दशक नॅनोमीटरांचा. प्रकाशाची तरंगलांबीच मायक्रॉनच्या मापाची असल्याने त्याला ट्रान्झिस्टरच्या मापात कोंबता येत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, कारागिरीतला दोष नव्हे.

दुसरी अडचण अचूकतेची, आणि ती अधिक खोल आहे. विजेच्या अंकीय चिपमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टर आपल्याकडे आलेला डळमळीत संकेत पुन्हा स्वच्छ शून्य किंवा एक करून पुढे देतो. त्यामुळे चूक साचत नाही. प्रकाशाच्या जाळीत असे कुणी सावरणारे नसते. एका हीटरची थोडी चूक, शेजारच्या हीटरची त्याच्यापर्यंत पोचलेली ऊब, वाटेच्या कडेचा खडबडीतपणा, हे सगळे मिळून उत्तरात उतरते. शिवाय प्रकाश कणाकणांनी येतो, म्हणून मोजणीत मुळातच एक चढउतार असतो. अचूकता एका बिटने वाढवायची, तर साधारण चौपट प्रकाश लागतो. आठ बिटांवरून बारावर जायचे म्हणजे अडीचशे पट. ढोबळ गणितापर्यंतच हा सौदा परवडतो.

तिसरी अडचण साठवणीची. प्रकाश थांबत नाही, म्हणून त्याची स्मृती नाही. मोठ्या भाषा-प्रणालीत शेकडो अब्ज भारांक, म्हणजे त्या मॅट्रिक्समधले आकडे, असतात. ते ठेवायचे विजेच्याच स्मृतीत आणि चौकटीमागून चौकट बसवताना हीटरवर चढवायचे. हीटर गरम व्हायला मायक्रोसेकंद लागतात, प्रकाश मात्र त्याच्या हजारो पट लवकर निघून जातो. म्हणून ज्या कामात भारांक बदलत नाहीत, तिथे प्रकाश शोभतो. जिथे ते क्षणाक्षणाला बदलावे लागतात, तिथे तो खोळंबतो. चौथी अडचण अशी, की दोन प्रकाशझोत एकमेकांतून आरपार जातात आणि एकमेकांवर काही परिणाम करत नाहीत. वाहतुकीसाठी हा गुणच, पण मज्जाजाळ्याच्या, म्हणजे थराथरांनी रचलेल्या या गणिताच्या, दर थरानंतर ‘एवढ्याहून जास्त असेल तरच पुढे जा’ असा निर्णय लागतो आणि तो निर्णय प्रकाश एकटा घेऊ शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये एमआयटीच्याच सौमिल बंद्योपाध्याय आणि सहकाऱ्यांनी थोडा प्रकाश विजेत वळवून हा निर्णय चिपवरच घडवला. त्यांच्या चिपने अर्ध्या नॅनोसेकंदाहून कमी वेळात ९२ टक्के अचूकतेने वर्गीकरण केले. काम सुंदर आहे, पण ते जाळे तीन थरांचे होते.

प्रकाशाने गणित करण्याची कल्पना नवी नाही, आणि ती पूर्वी नुसती कल्पनाही नव्हती. मिशिगन विद्यापीठाच्या विलो रन प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात विमानावरच्या रडारचे संकेत फिल्मवर नोंदवले जात. ती फिल्म लेसरपूर्व काळातल्या दिव्यांनी आणि पुढे लेसरने उजळून भिंगांच्या रांगेतून पाहिली, की जमिनीचा स्पष्ट नकाशा उमटे. भिंग हे मुळातच एका अवघड गणिती क्रियेचे, फूरिये रूपांतराचे, यंत्र आहे. त्या काळचे अंकीय संगणक हे काम करूच शकत नव्हते. म्हणजे प्रकाशीय गणन एकेकाळी प्रत्यक्ष कामावर होते आणि पुढे अंकीय संगणकाने त्याला बाजूला सारले. का सारले? फिल्म धुवावी लागे, टेबल हलले तरी चित्र बिघडे, काम बदलले की सगळी मांडणी बदलावी लागे. आणि ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी स्वस्त होत होता.

दुसरा प्रयत्न बेल लॅब्जचा. तिथे डेव्हिड मिलर यांनी प्रकाशानेच प्रकाश चालू-बंद करणारा स्विच घडवला आणि ॲलन ह्युआंग यांच्या गटाने १९९० मध्ये तशा स्विचांवर चालणारा अंकीय प्रोसेसर जगाला दाखवला. त्यातून विक्रीचे यंत्र कधी निघाले नाही. मिलर पुढे स्टॅनफर्डला गेले. २०१० मध्ये त्यांनीच, म्हणजे तो स्विच घडवणाऱ्याने, प्रकाशीय ट्रान्झिस्टरवर एक परखड टिपण लिहिले. एका स्विचने दुसरा चालवता आला पाहिजे, एकाने अनेकांना संकेत देता आला पाहिजे, बिघडलेला संकेत वाटेत सावरला गेला पाहिजे. या अटी पुऱ्या होत नाहीत तोवर विजेच्या ट्रान्झिस्टरला पर्याय मिळाला असे म्हणू नका, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच कामाची अशी झाडाझडती घेणारे थोडे असतात. त्याच मिलर यांनी चिपांना चिपा जोडण्यासाठी मात्र प्रकाशाची बाजू वर्षानुवर्षे लावून धरली.

आता आजचा निकाल. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. लाइटेलिजन्सच्या यंत्रात १६ हजारांहून अधिक प्रकाशीय घटक होते आणि ६४ बाय ६४ ची चौकट. लाइटमॅटरच्या प्रोसेसरने चित्र ओळखण्याची, भाषेची आणि व्हिडिओ गेम खेळण्याची प्रचलित जाळी काही फेरफार न करता चालवली, आणि उत्तरे विजेच्या चिपांच्या जवळपास आली. चार स्वरांपासून इथवर आठ वर्षांत येणे ही मोठी मजल आहे. या प्रोसेसरचा वेग सेकंदाला ६५.५ लाख कोटी क्रिया आणि खर्च ७८ वॅट वीज, वर १.६ वॅट प्रकाश. शेजारी एच-१०० ठेवून पाहा: सोळा-बिटी गणितात ती ७०० वॅटमध्ये सुमारे ९९० लाख कोटी क्रिया करते. वॅटमागे भागून पाहिले, तर विजेची चिप अजून पुढे आहे. ही तुलना प्रकाशाला थोडी जाचक आहे हे आम्ही जाणतो. एकीकडे अर्धशतकाचा कारखानदारी अनुभव आहे, दुसरीकडे पहिल्या पिढीचा नमुना. पण वीज वाचवणे हाच ज्याच्या येण्याचा हेतू, त्याला विजेच्या मापानेच तोलले पाहिजे.

आणि बाजाराने तोलले आहेच. गणितासाठी जन्मलेल्या लाइटमॅटरने २०२५ मध्ये विक्रीसाठी पुढे केले, ते चिपांना चिपा जोडणारे ‘पॅसेज’ नावाचे प्रकाशीय साधन. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एनव्हिडियाने प्रकाशाची जोडणी थेट स्विचच्या चिपशेजारी बसवणारी उपकरणे जाहीर केली. गूगल तर त्याही आधी तिथे पोचले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी घडवलेल्या आपल्या चौथ्या पिढीच्या टीपीयूच्या ४०९६ चिपा त्यांनी सूक्ष्म आरशांच्या स्विचांनी जोडल्या. आरसा कलला की झोत दुसऱ्या वाटेला लागतो. वाटेत प्रकाशाची वीज आणि विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागत नाही. या स्विचांचा वाटा सबंध यंत्रणेच्या किमतीत ५ टक्क्यांहून कमी आणि विजेत ३ टक्क्यांहून कमी आहे, असे गूगलच्या अभियंत्यांनी २०२३ मध्ये नोंदवले. प्रकाशाला त्याच्या स्वभावाचे काम दिले की काय होते, त्याचा हा चांगला दाखला.

इथेही घाईचा निष्कर्ष नको. एनव्हिडियाने २०२४ मध्ये ७२ चिपांचे कपाट आणले, तेव्हा त्यातल्या चिपा जोडायला पाच हजारांहून अधिक तांब्याच्या तारा वापरल्या; सगळ्यांची मिळून लांबी तीन किलोमीटरच्या घरात. प्रकाशाची साधने घातली असती तर २० किलोवॅट जास्त लागले असते, असे कंपनीचे प्रमुख जेन्सन ह्वांग यांनी व्यासपीठावरून सांगितले. एक-दोन मीटरवर तांबे आजही जिंकते. पण इतिहासाचा ओघ पाहा. चार्ल्स काओ यांनी काचेच्या धाग्यातून संदेश जाऊ शकतील असे १९६६ मध्ये मांडले. १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली फायबर केबल गेली. मग प्रकाश शहरांत आला, इमारतींत आला, कपाटाकपाटांमध्ये आला आणि आता चिपच्या कडेशी उभा आहे. दर खेपेला अंतर घटत गेले आणि दर खेपेला तांबे मागे हटले, पण तेव्हाच, जेव्हा त्या अंतरावर प्रकाश खरोखर स्वस्त ठरला. म्हणून आमचे अनुमान असे की, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांत प्रकाशाचे राज्य बाहेरून आत येईल. आधी वाहतूक, मग ठरावीक साच्याची गणिते आणि सर्वसाधारण गणना सर्वांत शेवटी, किंवा कदाचित कधीच नाही.

या अनुमानात भारतासाठी मोठी संधी आहे. तीन नॅनोमीटरच्या ट्रान्झिस्टरच्या शर्यतीत आपण नाही आणि नजीकच्या काळात असणार नाही. प्रकाशाच्या चिपला मात्र तीन नॅनोमीटर लागतच नाहीत. अर्धा मायक्रॉन रुंदीची वाट कोरायला ग्लोबलफाउंड्रीज ही कंपनी ४५ नॅनोमीटरची कारखाना-पद्धत वापरते. गुजरातेत धोलेरा इथे टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा कारखाना २८ ते ११० नॅनोमीटरसाठीच आखलेला आहे. सोबतची अंकीय चिप अधिक बारीक लागते हे खरे, पण ती विकत आणता येते. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींचा सेमिकंडक्टर कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्यात सिलिकॉन फोटॉनिक्सचे, म्हणजे सिलिकॉनवरच्या प्रकाशीय चिपांचे, नाव स्पष्ट लिहिले होते. मद्रास आयआयटीत त्याचे एक केंद्रही उभे राहिले आहे. पण आजवरच्या मंजुऱ्यांचा भर बहुतेक विजेच्या चिपांवर आणि त्यांच्या बांधणीवर राहिला. एका ओळीत लिहिलेले नाव तसेच पडून राहू नये.

पैशाआधी या क्षेत्राला काय लागते, हे चंद्र कुमार पटेल यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. १९३८ मध्ये बारामतीत जन्मलेला आणि १९५८ मध्ये पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला हा तरुण स्टॅनफर्डमार्गे १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये गेला आणि १९६४ मध्ये त्याने कार्बन डायऑक्साइडचा लेसर जगाला दिला. पत्रे कापणारा, जोडकाम करणारा, शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचलेला लेसर तोच. अमेरिकेने १९९६ मध्ये त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक दिले. बारामती आणि पुण्याने बुद्धी दिली. बेल लॅब्जने दिली ती वेळ, मोजमापाची उपकरणे आणि लगेच विक्रीचे उत्तर न मागणारा वरिष्ठ. आपल्याकडे या तीनही गोष्टींचा दुष्काळ आहे. तीन वर्षांच्या प्रकल्पाचे अनुदान, त्यात पहिले वर्ष उपकरणाच्या निविदेत आणि शेवटचे वर्ष वापर-प्रमाणपत्रांत, अशा चाकोरीत प्रकाशाची चिप घडत नाही.

दुसरी गोष्ट हातांची. प्रकाशाच्या चिपची अर्धी लढाई कारखान्यातून बाहेर आल्यावर सुरू होते. फायबरमधला प्रकाश वाहणारा गाभा नऊ मायक्रॉनचा, चिपवरची वाट अर्ध्या मायक्रॉनची. या दोघांची तोंडे मायक्रॉनच्याही अंशापर्यंत जुळवायची, ती चिकटवायची आणि यंत्र तापले-निवले तरी हलू द्यायची नाहीत. सिलिकॉन स्वतः लेसर होऊ शकत नाही, म्हणून इंडियम फॉस्फाइडचा लेसर वेगळा आणून जोडायचा. हे काम महाग आहे, किचकट आहे आणि निष्णात तंत्रज्ञांवाचून होत नाही. अमेरिकेने हे ओळखले. २०१५ मध्ये तिथे ‘एम फोटॉनिक्स’ हा सरकारी-खासगी मिळून ६१ कोटी डॉलरचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे जोडणी-चाचणीचे केंद्र न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेले. रॉचेस्टर हे कोडॅकचे गाव, बॉश अँड लॉम्बचे गाव. भिंग घासणारे, फिल्म हाताळणारे हात तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते.

महाराष्ट्रात असे गाव शोधायला लांब जावे लागत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज आणि शेंद्रा वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज काचेचे जाड दांडे घडवते आणि ते तापवून, ओढून ऑप्टिकल फायबर काढते. केसाएवढ्या जाडीची काच मायक्रॉनच्या हिशेबाने सांभाळणारे तंत्रज्ञ तिथे आज कामावर आहेत. त्याच गावात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आयटीआय आहेत, वाहनांच्या सुट्या भागांमुळे तयार झालेली अचूक यंत्रकामाची परंपरा आहे. प्रकाशीय चिपांच्या जोडणी-चाचणीचे एक सार्वजनिक केंद्र तिथे उभारावे, अशी आमची राज्य सरकारला सूचना आहे. कोणत्याही महाविद्यालयाने आपली रचना द्यावी, अनेक रचना एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, एकत्र करून खर्च वाटून घ्यावा, आणि तयार चिप या केंद्रात जोडून, मोजून विद्यार्थ्याच्या हाती पडावी. युरोपातली विद्यापीठे वेफरची ही वाटणी कित्येक वर्षे करत आली आहेत. पहिल्या काही खेपांचे वेफर परदेशी फाउंड्रीतून आणले तरी चालतील. जोडणीची स्वच्छ खोली, कंपनमुक्त टेबले, लेसर आणि ते चालवायला डिप्लोमा झालेले वीस-पंचवीस तंत्रज्ञ मात्र इथलेच हवेत. त्यांच्या नेमणुका कंत्राटी नसाव्यात, कारण फायबर जुळवायला शिकलेला हात तयार व्हायला वर्षे जातात आणि तो एकदा गेला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.